नऊ नंबरची कैची

मष्णू मेस्त्रीची पटाशी धारदार आहे हे बोरगावपासून निपाणीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची जीभ पटाशीहून धारदार आहे, हे त्याच्या हाताखाली राबलेल्यांना जास्त ठाऊक होतं. दगड, माती आणि सागवान यांच्याखेरीज कशाचं घर होऊ शकतं हेच त्याला मान्य नव्हतं. त्यामुळे दुसरी मोठी लढाई संपल्यावर बेळगावच्या छावणीबाहेरच्या लष्करी खोल्या लिलावात निघाल्या आणि डॉक्टरीण नीलाबाईंनी त्यांतली एक निपाणीत बाळंतपणाच्या दवाखान्यासाठी आणायचं म्हटलं, तेव्हा तो भर बैठकीत खो खो हसला.

"ही खोली न्हाय बाई, काड्याची पेटी हाय," तो म्हणाला. "फळ्या, पत्रं आन् नटबोल्ट. भिताडाला बोट लावलं तर पलीकडनं दिसंल. जरा वारं सुटलं की बाळ आन् बाळंतीण दोगंबी उघड्यावर."

बैठकीतले लोक हसले. नीलाबाई हसल्या नाहीत. त्या बेळगावच्या, शिकल्यासवरलेल्या घरातल्या, वयानं जेमतेम तिशीच्या. निपाणीत तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांची बाळंतपणं त्या तीन वर्षं चुलीच्या धुरात, गोठ्याच्या कडेला करत आल्या होत्या.

"मेस्त्री, तुमची दगडी इमारत किती दिवसांत उभी राहील?"

"दगड घडवून, भिती चढवून... दोन वर्सं तरी."

"गेल्या एका वर्षात या गावात नऊ बायका बाळंतपणात गेल्या. दोन वर्षांचा हिशेब तुम्हीच करा."

मष्णूनं रागानं पागोटं झटकून पुन्हा डोक्यावर ठेवलं. दवाखान्याच्या मंडळाचे मुख्य दत्तोपंत वकील. त्यांनी दोघांचंही मन राखलं. म्हणाले, "खोली आणू, वर्षभर चालवून बघू. नाही टिकली तर उतरवू, आणि मग मेस्त्री दगडी इमारत बांधेल. पण ही उभी करायचं कामही मेस्त्रीनंच करायचं, दुसऱ्या कुणाला ते झेपायचं नाही."

म्हणजे काड्याची पेटी पडली तर मष्णूला त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळणार होतं, आणि ती पडू नये याची जबाबदारीही त्याच्यावरच होती. वकील लोक असेच तोडगे काढतात.

लष्कराचा हुकूम असा की चार दिवसांत खोली उतरवून जागा मोकळी करा. खोली लांबलचक होती. छपराचं ओझं पेलणाऱ्या लाकडाच्या तिकोनी चौकटी, ज्यांना सुतार कैच्या म्हणतात, त्या ओळीनं बारा होत्या. एका टोकाकडून मष्णू लागला. दुसऱ्या टोकाकडून त्याचा वीस वर्षांचा जोडीदार भरमू लागला. उतरवलेल्या प्रत्येक तुकड्यावर डांबरानं आकडा घालायचा, म्हणजे निपाणीत तो तुकडा त्याच जागी बसेल. एक ते सहा मष्णूनं घातले, मराठीत. सात ते बारा भरमूनं घातले, कानडीत. भरमू गोकाककडचा. शाळा दोन यत्ताच शिकला होता, पण कानडी शाळेत. बोलायला दोघांना दोन्ही भाषा यायच्या. वाचायला मात्र ज्याची त्याला; कानडी आकडे तेवढे मष्णूला बाजारात बघून अंदाजानं ओळखता यायचे.

शेवटच्या दिवशी भरमूला हिवतापानं धरलं. तो लॉरीतून निपाणीला न येता सरळ गावी गेला, आणि मष्णूनं एकट्यानं खोली उभी करायला घेतली.

इथं त्याला दोन सहा सापडले.

कानडी नऊ घाईत काढला की मराठी सहाचा जुळा भाऊ दिसतो. मष्णूच्या हे ध्यानात आलं. नऊ कुठंच नव्हता आणि सहा दोन होते, तेव्हा त्यांतला एक भरमूचा नऊ हे उघड होतं. पण कुठला? एका कैचीवरचा आकडा सुबक होता, दुसऱ्यावरचा ओघळून गचाळ झाला होता. गोकाककडं माणूस पाठवून भरमूला विचारता आलं असतं. पण एक आकडा वाचायला मष्णू मेस्त्रीनं माणूस पाठवायचा? त्यानं दोन्ही कैच्या नीट न्याहाळल्या. दोन्ही एका मापाच्या, एका रंगाच्या. सुबक आकड्याच्या कैचीच्या खालच्या आडव्या लाकडाला दोन्ही अंगांनी फळ्या मारलेल्या होत्या, कंदील टांगायला मारल्या असतील असं त्याला वाटलं. नाहीतरी सगळ्या एका साच्यातून काढल्यासारख्या. हेच तर त्या खोलीचं कौतुक होतं. सहा काय आणि नऊ काय. सुबक आकडा आपला आणि गचाळ भरमूचा, असं त्यानं ठरवलं. आपलं अक्षर गचाळ असेल ही शंका मष्णूला येणं शक्यच नव्हतं.

नऊ दिवसांत खोली उभी राहिली. दगडी घराचा पायासुद्धा एवढ्यात खणून होत नाही. मष्णूनं हे तोंडानं कबूल केलं नाही, पण शेवटचा बोल्ट आवळून तो खाली उतरला तेव्हा बराच वेळ तिच्याकडं बघत उभा राहिला. मधल्या एका पडदी भिंतीनं खोलीचे दोन भाग झाले होते. ही भिंत नवव्या कैचीच्या खाली येत होती. लहान भागात तपासणी, मोठ्या भागात खाटा. मोठ्या भागाच्या मधोमध, दोन खिडक्यांच्या उजेडात, पडदा लावून बाळंतपणाचं टेबल ठेवलं. त्याच्या वर सहावी कैची.

चैत्र लागला आणि पत्रा तव्यासारखा तापला. आतल्या बायका घामानं न्हाऊन निघायच्या. मग मष्णूनंच उपाय काढला. पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर घातला, आणि राखणदार गुंडूनं रोज दुपारी शिडीवरून त्यावर घागरी ओतायच्या. खोली गार झाली. महिन्याभरात चौदा बायका तिथं बाळंत झाल्या आणि चौदाही आपल्या पायांनी घरी गेल्या. तरी मष्णू समोरच्या हॉटेलात बसून सांगतच राहिला, "बघा तुमी. ही काय टिकत न्हाय."

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

वैशाखातल्या एका दुपारी भरमू आला. ताप उतरला होता, पण माणूस अर्धा झाला होता. मष्णूनं त्याला चहा सांगितला. भरमू समोरच्या खोलीकडं टक लावून बघत राहिला.

"झ्याक उबी केलीस रं," तो म्हणाला. "आन् ती नऊ नंबरची कैची मधल्या भिताडावर नीट बसली न्हवं? तापात मला त्येचाच घोर लागल्याला."

"घोर कसला? सगळ्या कैच्या एकासारक्या एक."

"एकासारक्याच की. पर नवव्या कैचीचं खालचं लाकूड सोल्जरांनी कापल्यालं हाय."

मष्णूच्या हातातली बशी हातातच राहिली.

"शेगडीच्या धुराला नळकांडं बसिवलतं त्येनी," भरमू सांगत होता. "नळकांडं काढल्यावर दोन्ही अंगानं फळ्या ठोकल्या आन् वर रंग फासला. आत लाकूड तुटल्यालंच. खाली भिताडाचा टेका हुता म्हणून चालून गेलं. उतरिवताना मला गावलं. तुला सांगणार हुतो, तवर तापानं घेरलं... मष्णू, आरं तोंड असं का केलंस?"

मष्णू उठला आणि रस्ता ओलांडून खोलीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. त्यानं एक डोळा मिटला आणि छपराच्या माथ्यावरून, आढ्याच्या रेषेवरून, नजर पार दुसऱ्या टोकापर्यंत नेली. आढं सरळ नव्हतं. मधोमध, बरोबर सहाव्या कैचीवर, ते दोन बोटं बसलं होतं.

फळ्या मारलेली कैची टेक्याशिवाय, खोलीच्या मध्यावर, बाळंतपणाच्या टेबलावर त्यानंच बसवली होती. तिच्यावर पाचटाचं ओझंही त्यानंच चढवलं होतं. आणि या घटकेला शिडीवर उभा राहून गुंडू त्या ओझ्यावर पाणी ओतत होता.

"गुंडू! थांब! घागर खाली आण! एक थेंब वतू नगंस!"

"अवो, निम्मं राहिलंय..."

"खाली ये म्हनतो न्हवं!"

खोलीच्या दाराशी एक बैलगाडी सुटलेली होती. गाडीजवळ वखारीतला हमाल आण्णाप्पा उकिडवा बसला होता. त्याची बायको अक्काताई सकाळपासून आत होती, पहिलटकरीण. तिचं ओरडणं फळ्यांच्या भिंतीतून रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं.

भरमू धापा टाकत मागून आला. सगळं त्याच्या ध्यानात आलं होतं. त्यानं मष्णूला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि आवाज उतरवून बोलला.

"आईक माजं. बाईला म्हनावं, आत गरम हुतंय, हिला पलीकडच्या खोलीत घ्या. कैचीचं नावबी काढू नगंस. झाकली मूठ सव्वा लाखाची. आन् पडलीच एक दिवस, तर तू म्हनतच हुतास की, टिकत न्हाय म्हणून. लोक म्हनतील, मेस्त्री खरा निगाला."

खोटं कशाला बोला, क्षणभर ते मष्णूला गोड वाटलं. दगडी इमारत, घडीव चिरे, दारावर त्याच्या हातचं नक्षीकाम. त्याला काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प राहायचं होतं. तेवढ्यात वरून, पत्र्याखालून, लाकडातून खिळा उपटताना येतो तसा बारीक कर्रर्र आवाज आला. मष्णूनं भरमूचा हात झटकला आणि दाराकडं पळाला.

दारात मनुबाई उभी होती. चाळीस वर्षं सुईणपण केलेली बाई, नीलाबाईंच्या हाताखाली आल्यापासून पांढरा झगा घालायची, पण दरारा जुनाच.

"कुटं निगाला, मेस्त्री? बाप्या मानसाचं काय काम हितं?"

"बाईंना बोलीव. आत्ताच्या आत्ता."

नीलाबाई आल्या. कोपरापर्यंत हात ओले, कपाळावर केस चिकटलेले. मष्णूनं एका दमात सांगितलं की वरची कैची धोक्याची आहे, कधीही बसेल, बाईला हलवा.

"नाही हलवता येणार," नीलाबाई म्हणाल्या. "पायाळू आहे. एक पाय बाहेर आलाय. आता उचललं तर मूल जाईल, कदाचित तीही जाईल."

"किती येळ लागंल?"

"अर्धा तास. जास्तही लागेल. तुमचं छप्पर तेवढं थांबेल का?"

मष्णूनं खोटं सांगितलं नाही. "सांगता येत न्हाय. टेकू लावाया पायजे. मला आत येऊ द्या."

आतून अक्काताईनं ते ऐकलं, आणि तिनं जी किंकाळी फोडली ती कळेची नव्हती. "बाप्या मानूस आत नगं! माज्या अंगावर काय न्हाय गं आत्ती, त्येला आत येऊ दिऊ नगा!"

"ऐकलंत?" नीलाबाईंचा आवाज चढला नाही, पण ओठ पांढरे पडले होते. "तिनं अंग आखडलं की मूल अडकतं. तुम्ही बाहेरून सांगा. काय करायचं ते आम्ही बायका करू."

"तुमी? पाचर मारायची हाय, बाई. बोटभर चुकलं तर..."

"मग चुकू नये असं सांगा."

मनुबाईनं खाटांवरच्या बाळंतिणींना पोरांसकट बाहेर काढलं आणि दार लावलं. मष्णू वळला. टेकूला लाकूड हवं होतं, सरळ आणि घट्ट, साडेआठ फूट. त्याची नजर बैलगाडीच्या लांब दांडीवर गेली.

"आण्णाप्पा, गाडी तुजी?"

"व्हय जी. औंदाच केलीया."

"दांडी कापू?"

गाडीशिवाय हमाल म्हणजे हात तुटलेला माणूस. आण्णाप्पानं कशाला म्हणून विचारलं नाही. तो उठला, बैलांची दावी हातात घेतली, आणि म्हणाला, "कापा."

खोली त्यानंच उभी केली होती, त्यामुळे माप तोंडपाठ होतं. कैची दोन बोटं बसली होती, पाचरीला एक बोट जागा हवी, खालच्या फळीला एक, म्हणून त्यानं चार बोटं कमी धरली. भरमूनं दांडी गुडघ्याखाली दाबली आणि मष्णूनं करवत चालवली. लाकूड सुकं बाभळीचं, चिवट. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला वेळ नव्हता. आत अक्काताई ओरडत होती. ती थांबायची तेव्हा मष्णू जास्त भ्यायचा, कारण मग वरचा कर्रर्र ऐकू यायचा. दांडी कापून झाली. मग त्यानं दोन पाचरी तासल्या, एक फळी घेतली, आणि सगळं दाराच्या फटीतून मनुबाईच्या हातात दिलं. मदतीला अक्काताईची सासू यशोदाबाई होती, सत्तरीची, काटकुळी.

मष्णू धावत खोलीच्या मागं गेला आणि जिथं सहावी कैची येत होती तिथं फळ्यांच्या भिंतीला तोंड लावून उभा राहिला. याच भिंतीची त्यानं महिनाभर टिंगल केली होती, की आतला श्वास बाहेर ऐकू येतो.

"मनुबाई, ऐकू येतंय का?"

"कानात ओरडल्यागत येतंय. सांगा."

"वर बगा. आडव्या लाकडाला दोन फळ्या मारल्याल्या दिसत्यात?"

"दिसत्यात."

"खिळ्यांची डोकी किती वर आल्याती?"

आत स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग मनुबाईचा आवाज आला, आणि चाळीस वर्षांत प्रथमच तो आवाज कापत होता. "करंगळीचं पेर."

अर्धं पेर आणखी, आणि लाकूड मोकळं.

"भिऊ नगा. जमिनीवर फळी ठेवा. त्या दोन फळ्यांच्या मदोमद, नाकासमोर, दांडी उबी करा. यशोदाबाई, तुमी धरा. हलू दिऊ नगा."

"धरली," म्हातारी म्हणाली.

"आता दांडीच्या डोक्यावर दोन्ही पाचरी समोरासमोर. पातळ तोंडं आत. ठोकाया काय हाय?"

"खलबत्त्याचा बत्ता."

"त्येला फडकं गुंडाळा. हळू ठोका. एक हिकडनं, एक तिकडनं. जोरात ठोकलं तर फळ्याच सुटतील."

आतून ठक् असा दबका आवाज आला. मग दुसरा. आणि त्याच वेळी नीलाबाईंचा आवाज, "आता जोर दे, अक्काताई. दे जोर!"

"जोर देऊ नगा!" मष्णू भिंतीला ओरडला. "हळू!"

"मेस्त्री, ते तिला म्हटलं!" नीलाबाई तशाच ओरडल्या. "अक्काताई, तू माझं ऐक, भिंतीचं नको ऐकू!"

दुसरी कुठली वेळ असती तर सगळं गाव हसलं असतं. त्या दुपारी भिंतीच्या एका अंगाला मष्णू आणि दुसऱ्या अंगाला नीलाबाई, दोघंही तेच शब्द बोलत होते. थांबा. हळू. आता. अजून थोडं. कुणाचा हुकूम कुणासाठी हे आतल्या तीन बायकांनी कसं ओळखलं, देव जाणे. मष्णूनं डोळे मिटून घेतले होते. भिंतीला टेकलेल्या तळहातातून तो प्रत्येक ठोका मोजत होता.

मग वरून कर्रर्र झालं, लांब, आणि कडाडून काहीतरी तुटलं. पत्रा दणाणला. ओल्या पाचटाचा एक भारा सरकून मष्णूच्या खांद्यावर कोसळला. आत यशोदाबाई "अगं आई!" म्हणून किंचाळली.

"मनुबाई! मनुबाई!"

मष्णू भिंतीवर दोन्ही हातांनी बडवू लागला. त्या घटकेला त्याला दगडी इमारत आठवली नाही, नावही आठवलं नाही. आपण माणसं मारली, एवढंच त्याला कळत होतं.

"बडवू नगा वो," आतून मनुबाई म्हणाली. "फळी तुटून खाली पडली. लाकूड बसलंय तुमच्या टेकूवर. म्हातारीनं अजून दांडीला मिठी मारल्याली हाय, सोडंना."

"हलतंय का?"

"न्हाय."

मष्णू तिथंच मातीत बसला. घटकाभरानं त्याच भिंतीतून आणखी एक आवाज आला, बारीक, चिडलेला. पोर रडत होतं. मुलगी.

तोवर दारासमोर गर्दी जमली होती. दत्तोपंत वकील सायकल टाकून आले, दारातूनच मनुबाईकडून तुटलेली फळी हातात घेतली. मष्णू मागच्या अंगानं येताच त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वकिलांनी कुणा कारागिराच्या खांद्यावर हात ठेवल्याचं निपाणीनं प्रथमच पाहिलं.

"मेस्त्री, तुम्ही आधीच बजावलं होतं. आम्ही ऐकलं नाही. वर आज तुम्हीच दोन जीव वाचवलेत. झालं ते पुष्कळ झालं, ही खोली उतरवा आणि दगडी कामाला लागा."

गर्दीतून "खरं हाय", "मेस्त्री म्हनतच हुता" असे आवाज उठले. नीलाबाई दारात उभ्या होत्या, झग्यावर रक्त. त्या भांडतील असं मष्णूला वाटलं. त्या भांडल्या नाहीत. खाली बघून म्हणाल्या, "हट्ट माझाच होता. चुकलं माझं."

हे मात्र मष्णूला सोसलं नाही. भरमू त्याच्याकडं बघून डोळ्यांनी विनवत होता, गप ऱ्हा, गप ऱ्हा.

"बाईंचं चुकल्यालं न्हाय," मष्णू म्हणाला. "खोलीचंबी न्हाय. नऊ नंबरची कैची मी सहाच्या जागी बशिवली. कानडी नऊ मला सहा दिसला. इचारलं असतं तर कळलं असतं, म्या इचारलं न्हाय."

दत्तोपंतांनी त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"खोली पडली तर दगडी काम तुम्हाला मिळणार होतं," ते सावकाश म्हणाले. "आणि तुम्ही कैची चुकीची बसवलीत. मी कोर्टात उभा राहणारा माणूस आहे, मेस्त्री. याला लोक चूक म्हणत नाहीत."

"आकडा माजा हुता, वकीलसाब," भरमू पुढं आला. "मी काढल्याला."

"तू नीटच काढला हुतास," मष्णू म्हणाला. "तू मागं हो."

"दगडी काम विसरा," दत्तोपंत म्हणाले. "या गावात तुमच्याकडून कुणी आता गोठासुद्धा बांधून घेणार नाही."

मष्णूनं मान हलवली. त्याला ते रास्तच वाटलं. पण नीलाबाईंनी डोकं वर केलं होतं.

"मेस्त्री, कैच्या अदलाबदल करायला किती दिवस?"

"दोन. पत्रं काढायचं, बोल्ट सोडायचं, कापल्याल्या लाकडाला लोखंडी पट्ट्या मारायच्या, अदलाबदल करायची, परत आवळायचं."

"आणि हीच चूक दगडी इमारतीत झाली असती तर?"

"निम्मी इमारत पाडावी लागली असती, बाई."

"मग बदला," नीलाबाई म्हणाल्या.

"आणि त्या छपराखाली झोपणार कोण?" दत्तोपंतांनी विचारलं.

बाळंतिणींना शेजारच्या वखारीच्या ओसरीवर नेलं. मष्णू आणि भरमू दोन दिवस जेवायलासुद्धा नीट उतरले नाहीत. मष्णूनं मजुरी घेतली नाही आणि कुणी देऊही केली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी काम पुरं झालं. पाचट पुन्हा वर चढवलं, टेकू काढला. पण एकही बाई आत जाईना. ओसरीवरून सगळ्या बघत होत्या, आणि गर्भार बायकांच्या सासवा त्यांना मागं ओढत होत्या. दत्तोपंतही आले होते. छपराकडं बघून त्यांनी मान हलवली.

मष्णूनं पागोटं काढून खुंटीला टांगलं. पडदा बाजूला केला, टेबल ओढून काढलं, सहाव्या कैचीखाली एक खाट सरकवली आणि तिच्यावर उताणा पडला.

"गुंडू! वत पाणी. रोजच्या दुप्पट वत. भरमू, समद्या वखारीतल्या घागरी आण."

"मेस्त्री बाळंतपणाला आलं बगा," मनुबाई म्हणाली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

पाणी कोसळू लागलं. पत्र्यावर ढोल वाजल्यासारखा आवाज व्हायचा आणि मग पाचट ते पिऊन टाकायचं. मष्णू वर बघत होता. आपलं काम चोख आहे हे त्याला माहीत होतं. परवापर्यंतही त्याला असंच माहीत होतं. प्रत्येक घागरीला त्याचं अंग आपोआप आक्रसायचं आणि तो ते लपवायचा. कैची हलत नव्हती. आवाजही नव्हता. दारात बायका दाटीनं उभ्या राहिल्या होत्या, पण उंबरा कुणी ओलांडत नव्हतं.

अर्धा तास गेला असेल. दारातली दाटी हलली आणि यशोदाबाईच्या खांद्यावर भार टाकून अक्काताई आत आली. पाय ओढत, पण चालत. छातीशी धुडक्यात गुंडाळलेली पोर होती.

"पोरी, हिकडं येऊ नगंस," मष्णू म्हणाला. "अजून तासभर पाणी मुरूंदे. मग बगू."

"तुमी पडा की तासभर," अक्काताई म्हणाली. "जरा पलीकडं सरका. ही खाट माजी हाय."

मनुबाई पुढं धावली. "अगं, दहा दिस झालं न्हाईत. त्येंना इटाळ हुईल."

"हुंदे," मष्णूच म्हणाला.

तो सरकला. अक्काताईनं तीन दिवसांची पोर त्याच्या कुशीशेजारी ठेवली, धुडकं नीट केलं, आणि स्वतः खाटेच्या काठावर टेकून, छपराकडं एकदाही न बघता, सासूला म्हणाली की जरा पाणी द्या, घसा सुकलाय. तीस वर्षांत त्यानं देवळं बांधली होती, वाड्यांना तुळया चढवल्या होत्या, पण त्याच्या कामाखाली कुणी आपलं सगळं असं बिनघोर आणून ठेवलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. पोरीनं झोपेत मूठ उघडली आणि त्याच्या सदऱ्याला धरलं. मष्णू मेस्त्री रडला, दत्तोपंतांच्या समोर, सगळ्या बायकांच्या समोर, आणि डोळे पुसायला हात उचलला नाही, कारण हात हलवला तर पोर जागी झाली असती.